बिघाड ज्याच्यामागे जातो

माझा संगणक मी स्वतः जोडलेला आहे. बाजारात हल्ली सीलबंद डबे मिळतात, एकही स्क्रू नसलेले. बिघडला की फेका आणि नवा आणा. मला ते जमत नाही. उभी हयात टेलिफोन एक्सचेंजात काढलेल्या माणसाला, जिचं झाकण उघडता येत नाही ती वस्तू आपली वाटतच नाही. म्हणून मदरबोर्ड पुण्याहून मागवला, पॉवर सप्लाय जुन्या यंत्रातला काढून घेतला, आणि एक्सचेंज मोडीत निघालं तेव्हा घरी आणून ठेवलेल्या रॅकचा पत्रा कापून कॅबिनेट बनवलं. माझी बायको त्रिशला त्याला 'कोठी' म्हणते. म्हणू दे. त्या कोठीवर सात गावांचं पाणी चालतं.

निवृत्तीनंतर मला हे काम मिळालं. कृष्णाकाठच्या लहान गावांच्या पाणीयोजनांचे पंप आणि दरवाजे आता गावात उभं राहून कुणी फिरवत नाही. त्यांना मोटरी बसवल्या आहेत, टाक्यांत पाण्याची पातळी सांगणारी यंत्रं आहेत, आणि पाणी संघाचे चालक आपापल्या घरून ते सगळं चालवतात. मी सांगलीत, विश्रामबागेतल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत बसतो. टाकी भरली की पंप बंद करायचा. नदीला गढूळ पाणी आलं किंवा पूर चढायला लागला की जॅकवेलचा, म्हणजे नदीकाठच्या उपशाच्या विहिरीचा, दरवाजा मिटायचा, नाहीतर चिखल आत जाऊन पंप बसतात आणि गावं आठवडाभर कोरडी राहतात.

हे सगळं यंत्र आपोआप करू शकेल, मग माणूस कशाला, असं मला पुष्कळजण विचारतात. पूर्वी यंत्रच करत होतं. मग कुणीतरी एका योजनेत नकली हुकूम घुसवून भर पुरात दरवाजे उघडले, आणि तेव्हापासून नियम झाला की पाण्याचा हुकूम माणसाच्याच हातचा हवा, आणि तो त्याच माणसाचा आहे याची खात्री हवी. आता खात्री करायची कशी? आवाजाची नक्कल होते, चेहऱ्याची होते, बोटांच्या ठशांची होते, पासवर्ड तर शाळकरी पोरंही फोडतात. उरला तो हात चालवायचा ढंग. म्हणून संघानं आम्हा सगळ्या चालकांना नवी ऑपरेटिंग सिस्टिम बसवायला लावली. तिचं नाव 'ठसा'.

ठशाची कल्पना तशी जुनीच आहे. तारखात्यातले जुने लोक सांगायचे की पलीकडे कोण बसलंय ते तारयंत्राच्या नुसत्या कडकट्टवरून कळायचं. ठसा तेच करतो, फक्त फार बारकाईनं. बोट एका कळेवर किती वेळ टेकतं, उचलून पुढच्या कळेवर जायला किती वेळ लावतं, कुठल्या दोन कळांमध्ये अडखळतं, हे तो सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतो. ही लय ज्याची त्याची असते. ती मेंदूत ठरते, बोटांत नाही, त्यामुळे चोरता येत नाही.

आणि तो एकदा ओळख घेऊन गप्प बसत नाही. त्याच्या पोटात विश्वासाची एक टाकी आहे असं समजा. ओळखीची लय आली की टाकीत पाणी पडतं, अनोळखी आली की गळतं. पाणी खुणेच्या खाली गेलं की पडदा राखाडी होतो, 'ओळख पटली नाही' अशी पाटी येते आणि हुकूम चालत नाहीत. माणूस म्हातारा होतो हे ठशाला मान्य आहे. तोच हात रोज थोडाथोडा मंदावत गेला तर तो आपलं माप बदलत जातो. पण सकाळी एक आणि दुपारी दुसराच, असा हात त्याला चालत नाही.

बसवताना त्यानं मला विचारलं होतं, हे यंत्र किती जण वापरणार? मी 'एक' असं लिहिलं. आमच्याकडे गॅस माझ्या नावावर, लाइट माझ्या नावावर, फोन माझ्या नावावर, आणि वापरतं सगळं घर. त्यात काही खोटं आहे असं आमच्या घरात कुणाला वाटलेलं नाही. त्रिशला जिल्हा कोर्टात टायपिस्ट होती, आताही ओळखीच्या वकिलांचे मसुदे टाइप करून देते. मी खाली गेलो की ती माझ्या खुर्चीत बसायची, माझ्याच नावावर. पहिल्या दिवसापासून दोघांच्या लयी त्यानं एकाच माणसाच्या म्हणून मापात घेतल्या असाव्यात, कारण ठशानंही कधी तक्रार केली नाही.

तक्रार वर्षभरानं सुरू झाली. सात गावांतल्या बोरवडीची टाकी भरत आली होती, मी पंप बंद करायचा हुकूम टाइप करायला घेतला आणि पडदा राखाडी. पुन्हा नाव टाइप केलं, पुन्हा राखाडी. तिसऱ्या खेपेला पटली ओळख. मी मनातल्या मनात चार शिव्या घातल्या आणि कामाला लागलो. त्या आठवड्यात तसं आणखी दोनदा झालं.

एक्सचेंजात आम्हाला बिघाड शोधायच्या दोन रीती शिकवल्या होत्या. एक म्हणजे लाइन मधोमध तोडून बघायची. जो अर्धा मुका तो पुन्हा मधोमध तोडायचा. दुसरी म्हणजे संशयित भाग काढून त्या जागी चांगला भाग लावायचा. बिघाड भागामागे गेला तर भाग खराब, जागीच राहिला तर जागा खराब. या दोन रीतींवर मी नोकरी केली आणि वरिष्ठांना अनेकदा गप्प बसवलं. तेव्हा कोठी उघडून मी बाह्या सरसावल्या. अर्थिंग तपासलं. रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं घासून परत बसवल्या. पॉवर सप्लाय बदलला. ठसा पुसून पुन्हा घातला. माझी लय संघाच्या केंद्रात साठवलेली असल्यामुळे ती मात्र जुनीच परत आली. शेवटी, चारेक महिन्यांनी, कळफलक बदलला, आणि दोन दिवस यंत्र असं सुरळीत चाललं की मी त्रिशलाला जिंकल्याच्या थाटात जुना कळफलक दाखवला.

"हा बघ चोर."

"बरं झालं सापडला," ती म्हणाली आणि एका वकिलाचा भलामोठा दावा टाइप करत राहिली.

तो दावा संपला, आणि चोर परत आला.

मी ठशाच्या मदतकेंद्राला लिहिलं. लगेच उत्तर आलं: 'यंत्रात दोष आढळला नाही. वापरणाऱ्याची खात्री करावी.' हे असलं उत्तर आम्हीही लोकांना देत असू, बिघाड सापडला नाही की. मी ते वाचून हसलो. मग हसू ओसरल्यावर डोक्यात उजेड पडला. वापरणारा! लाइन मधोमध तोडायची तर एका बाजूला यंत्र आणि दुसऱ्या बाजूला वापरणारे. यंत्राचा अर्धा भाग निर्दोष होता. आणि वापरणारे आम्ही दोघं होतो.

"तू कळा ठोकतेस," मी त्रिशलाला म्हणालो.

"ठोकते म्हणजे काय ओ?"

"टायपरायटर असल्यासारखी. ठशाला वाटतं घरात दुसरंच कुणीतरी शिरलं."

"इतके दिवस नव्हतं वाटत?"

"आता वाटायला लागलंय. महिनाभर तू बसू नकोस. लाव तुझे मसुदे दुसरीकडे."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला काहीतरी बोलायचं होतं हे मला दिसत होतं, पण ती वाद घालणार असं समजून मी आधीच मान वळवली.

"बघा हं," ती एवढंच म्हणाली. "मला उठवताय खरं."

ती उठली आणि यंत्र आडवं पडलं. पहिल्या दिवशी तीनदा, दुसऱ्या दिवशी तर दर तासाला. मी आंघोळ करून ताजातवाना येऊन बसलो तरी पडदा राखाडी. गंमत म्हणजे कधीकधी दुपारी हात अगदी मोकळा चालायचा, ठसाही मुकाट्यानं ऐकायचा, आणि मला वाटायचं की आता सुटलो. तेवढ्यात पुन्हा पाटी. मी यंत्रावर ओरडायला लागलो होतो. खाली त्रिशला भांडी आवाज न करता ठेवायची.

मग बोरवडीचं झालं. टाकी भरून वाहायला लागली आणि पंप बंद करायचा माझा हुकूम ठशानं घेतलाच नाही. गावातल्या कुणीतरी धावत जाऊन हातानं खटका ओढला, पण तोवर पाणी उतारावरून बाजारात शिरलं होतं. गुळाच्या ढेपा भिजल्या. एक म्हातारी घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण मोडलं असतं तर ते माझ्या नावावर लागलं असतं.

संघाची अभियंता शबाना मुजावर हिचा फोन आला. वयानं माझ्या लेकीएवढी आहे आणि मला काका म्हणते.

"काका, बोरवडीचं मी निस्तरते. पण आता पावसाळा तोंडावर आलाय. नदी चढायला लागली की दरवाजा मिटायला तुमच्या हातात पाच-दहा मिनिटं असतात, तुम्हाला मी काय सांगणार. सोमवारपर्यंत यंत्र नीट नाही झालं तर तुमची गावं मला दुसऱ्या चालकाला द्यावी लागतील. वाईट नका वाटून घेऊ."

मला वाईटच वाटलं. पेन्शन येते, घर आहे, लेक तिच्या घरी सुखी आहे. पण ही गावं गेली तर सकाळी उठून जिना कशासाठी चढायचा? बोरवडीची टाकी कधी भरते, कुठल्या गावाचा व्हॉल्व्ह कुरकुरतो, कुठे लग्नसराईत जादा पाणी लागतं, हे सगळं मला तोंडपाठ होतं. ते माझ्याकडून गेल्यावर मी नुसता घरी बसलेला भूपाल मगदूम उरणार होतो, आणि त्या माणसाची मला भीती वाटत होती.

आम्ही जैन, आमच्याकडे जेवण सूर्य मावळायच्या आत उरकतं. त्या संध्याकाळी मी धड जेवलो नाही. ताटावरून उठून वर आलो आणि पुन्हा कोठी उघडून बसलो. थोड्या वेळानं त्रिशला आली आणि दारात उभी राहिली.

"सगळे भाग बदलून बघितले?"

"सगळे."

"एक राहिलाय."

मी वर बघितलं. ती आत आली आणि तिनं मला हाताला धरून खुर्चीतून उठवलं. स्वतः बसली. पडदा राखाडीच होता. तिनं एका दाव्याचा मजकूर पाठ असल्यासारखा टाइप करायला सुरुवात केली, त्याच ठोकण्याच्या सवयीनं. चार-पाच ओळींत राखाडी रंग निवळला आणि पडद्यावर माझी सात गावं दिसायला लागली.

"आता तुम्ही बसा."

मी बसलो. तोच मजकूर टाइप केला. खूप लक्ष देऊन केला. दुसऱ्या परिच्छेदात पडदा राखाडी झाला. ती पुन्हा बसली, तो निवळला. मी बसलो, तो पुन्हा गेला. यंत्र तेच, कळफलक तोच, मजकूरही तोच.

"बिघाड तुमच्यामागं जातोय ओ," ती हळू आवाजात म्हणाली.

मी चिडलो. तुला काय कळतं म्हणालो, दमलोय म्हणालो, त्या खुर्चीचीच उंची चुकलीय म्हणालो. तिनं सगळं ऐकून घेतलं. तिचं हे ऐकून घेणंच मला सहन होईना, म्हणून काहीतरी करायचं म्हणून मी ठशाची एक खिडकी उघडली, जी मी आजवर कधी उघडली नव्हती. वापरणाऱ्याची वर्षभराची लय तिथं आलेख काढून दाखवलेली असते.

आपल्या मराठी कळफलकावर व्यंजनं उजव्या हाताला येतात, आणि स्वर, काना, मात्रा, वेलांट्या डाव्या हाताला. आलेखात उजव्या हाताच्या दोन रेघा होत्या, माझी आणि तिची, आणि दोन्ही वर्षभर जवळजवळ सपाट होत्या. डाव्या हाताच्याही दोन होत्या. एक सरळ, ती त्रिशलाची असणार. दुसरी आधी किंचित चढलेली, मग खालीवर नाचणारी. म्हणजे माझं अक्षर वेळेवर पडत होतं आणि त्याची मात्रा मागून येत होती. कधी थोडी मागून, कधी बरीच, आणि केव्हा किती हे कुणाला सांगता आलं नसतं. वय झाल्यानं हात मंदावतो तेव्हा दोन्ही मंदावतात, आणि रोज सारखे मंदावतात. एकच हात, तोही असा धरसोडीनं मंदावतो तेव्हा कारण वेगळं असतं. मेंदूच्या खोलात मूठभरही नसलेल्या काही पेशी आहेत, त्या हालचालीचा ताल सांभाळणारं एक रसायन तयार करतात. त्या पेशी मरायला लागल्या की बहुधा आधी एका बाजूचा हात मागे पडतो. माणसाला स्वतःला ते उशिरा कळतं. हे मी नंतर शिकलो. त्या संध्याकाळी मला आलेख वाचता येत होता एवढंच, आणि तो खोटा नव्हता.

"पार्किन्सन म्हणतात ना त्याला?" मी विचारलं. एक्सचेंजातले आमचे एक साहेब त्यानं गेले होते, त्यांचाही आधी एकच हात मागे पडला होता.

"मी काय डॉक्टर आहे?" त्रिशला म्हणाली. "पण फिरायला जाताना तुमचा डावा हात हलत नाही. शर्टाची बटणं लावायला किती वेळ लावता. सही मुंगीएवढी झालीय. दिवाळीपासून बघतेय मी."

"मग बोलली का नाहीस?"

"दोनदा बोलले. तुम्ही म्हणालात, डास चावल्याएवढं पण काही झालेलं नाही मला."

म्हणालो असेन. मी असंच बोलतो.

"आणि यंत्र अडायला लागलं," ती पुढे म्हणाली, "तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी टाइप केलं की ते दिवसभर नीट चालतं. म्हणून तुम्ही आंघोळीला गेलात की मी येऊन चार पानं टाइप करायचे. मसुदा नसला तर जुनाच दावा पुन्हा करायचे. म्हटलं, चाललंय तोवर चालू दे. तुम्ही त्या खुर्चीत बसलेले मला बरे दिसता."

मी जिला बिघाड समजलो तीच कित्येक महिने विश्वासाची टाकी भरत होती, आणि मी तिलाच उठवून लावलं होतं. लाज वाटली. त्याहून जास्त, खरं सांगायचं तर, भीती वाटली.

"अजूनही भरेन की," ती म्हणाली. "रोज सकाळी बसते. कुणाला कळणार नाही. शबानाला सांगा, यंत्र दुरुस्त झालं."

मला मोह झाला. तो झाला नाही असं मी म्हणणार नाही. तिनं सकाळी टाकी भरायची, मी दिवसभर ती वापरायची. सोमवार निघून गेला असता आणि कदाचित पावसाळाही निघाला असता. मी मनातल्या मनात हिशेब जुळवत होतो आणि तो जुळत होता. मग मी डोळ्यांसमोर चढती नदी आणली. पाच-दहा मिनिटं. त्यात डाव्या हातानं नेमकं तेव्हा ऐकलं नाही आणि त्रिशला बाजारात गेलेली असली तर? ठसा मला पाच महिने हेच सांगत होता की या माणसाच्या हातावर पाण्याचा दरवाजा सोपवू नका. ज्या कामासाठी त्याला बसवलं होतं तेच काम तो करत होता, आणि मी कोठी खोलून त्याचा दोष शोधत होतो.

"नको," मी म्हणालो. "गावांना धोका आहे."

ती मान हलवून खाली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शबानाला फोन केला. यंत्र ठीक आहे, हात ठीक नाही, असं सांगितलं.

"काका, कुणी दुसरा असता तर सांगितलं नसतं," ती म्हणाली. "गावं मी आज दुपारीच दुसऱ्या चालकाला जोडून देते. पण तुम्ही त्याला सगळं सांगायला बसायचं. कुठला व्हॉल्व्ह कुरकुरतो ते आमच्या नकाशात नाही."

"बसेन की."

"आणि सोडचिठ्ठी तुमच्याच हातची लागेल. तेवढं एक वाक्य टाइप करून पाठवा. नियमच आहे तसा."

वाक्य पडद्यावर येऊन थांबलं होतं: 'मी भूपाल मगदूम माझ्याकडील पाण्याचा ताबा पाणी संघाकडे परत देत आहे.' ते बघून टाइप करायचं, बस्स. मी केलं. राखाडी. पुन्हा केलं, एकेका अक्षराला थांबून. थांबून केलं तर आणखीच परका वाटतो मी ठशाला. पाचव्यांदा झाल्यावर माझ्या कपाळाला घाम आला. स्वतःच्या हातातलं काम सोडायलासुद्धा माझा हात चालत नव्हता.

त्रिशला केव्हा वर आली ते कळलं नाही. मी उठलो आणि तिला खुर्ची दिली.

"तुमच्या नावानं करू?" तिनं विचारलं.

"कर."

तिनं पाठ ताठ केली, कोर्टात बसायची तशी, आणि वाक्य ठोकलं. एकदाच. मात्रा वेळेवर, काना वेळेवर. पडदा निवळला आणि हिरव्या अक्षरांत पाटी आली: 'ओळख पटली. नमस्कार, भूपाल मगदूम.' त्याखाली सात गावांची नावं एकामागून एक विझत गेली. बोरवडी सगळ्यात शेवटी.

इतके महिने सगळं निभावून नेणारी माझी बायको तेव्हा रडायला लागली. कळफलकावरून हात न काढता, मोठ्यानं. मी तिच्या मागे उभा होतो. डावा हात तिच्या खांद्यावर ठेवला. तो जरा मागूनच पोचला, पण तिथंच राहू दिला.

"पातळ बदल," मी म्हणालो. "मिरजेला जाऊ. सकाळचे डॉक्टर असतात."